सहावा मुद्दा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्रास कारण, शनिवारचा पेपर. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला दोन दिवसांनी नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हा कागद. तुझ्या क्लबच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. तिथल्या बाईंनी चाहत्याचं पत्र समजून तुझ्या खणात ठेवलं तरी चालेल.

अख्खं पानभर मुलाखत. हाताची घडी घातलेला फोटो, वर ठळक अक्षरांत 'कुलूप'. लोक तुला कुलूप म्हणायला लागले त्याला दहा वर्षं झाली, तरी तो शब्द वाचला की माझ्या पोटात अजून नव्यासारखं दुखतं. बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या मधोमध, त्याच जागेवर मीही खेळलो आहे. मला लोक काय म्हणायचे? 'ए सहा नंबर.' खालच्या विभागात तीन हंगाम, मग गुडघा, मग संपलं. लॉकरची किल्ली परत द्यायला गेलो तर कारकुनाने माझं नाव विचारलं होतं.

ते असो. पत्रकाराने तुला विचारलं, "पाठीमागून कोण येतंय हे चेंडू पायात यायच्या आधीच तुम्हाला कसं कळतं?" आणि तू छान मान वाकवून म्हणालास, "अकादमीतल्या कोचनी लावलेली सवय आहे."

अकादमीतल्या कोचनी! तू अकादमीत गेलास पंधराव्या वर्षी. त्याआधी चार वर्षं घरामागच्या बोळात तुझ्या पाठीशी कोण उभं होतं? तू भिंतीवर चेंडू मारायचास, आणि तो परत यायच्या आत मान वळवून माझी किती बोटं वर आहेत ते सांगायचास. चुकलास की पुन्हा पहिल्यापासून. आई खिडकीतून ओरडायची, पोरांनो भिंतीचा रंग गेला. चेंडू कानावर बसून तुझा डावा कान कायमचा गेला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. मागून येणाऱ्याची चाहूल नाही, सोबत्याने ओरडून सांगितलेलं 'माणूस आला' ऐकू येत नाही, अशा पोराला कोण संघात घेतं? मी म्हणालो, ऐकू येत नाही ना, मग बघ. बाकीचे एकदा बघतात तिथे तू दोनदा बघ. त्या बघण्याला आज टीव्हीवर दैवी देणगी म्हणतात. क्लबवाले दरवर्षी तुझे गुडघे तपासतात, हृदय तपासतात. कानाकडे कोण बघतो? तू, मी आणि आई, तिघं सोडून ते कुणालाच माहीत नाही.

कान लपव, मला काही म्हणायचं नाही. पण मला का लपवतोस? 'घरी मोठ्या भावाने शिकवलं', चार शब्द. पेपरवाल्यांना जागा कमी पडली नसती.

तुझी वहिनी म्हणते, एवढा हेवा करायला तुम्हाला वेळ कुठून मिळतो. मी म्हटलं, कामातच मिळतो.

दादा


१ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी रोज टपाल बघितलं.

माझं काम काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. क्लबच्या तळमजल्यावर एक खोली आहे. खिडकी नाही, तीन पडदे आहेत, एक खुर्ची आहे जिची पाठ डावीकडे कलते. पुढच्या सामन्यात जो संघ समोर येणार त्याचे मागचे आठ सामने मी तिथे बसून बघतो, कापतो, चिकटवतो. कोण दमला की उजवीकडेच वळतो, कोणाला पिवळं कार्ड मिळालं की तो पाय टाकायला भितो, हे सगळं बारा पानांत लिहून कोचच्या टेबलावर ठेवतो. दुसऱ्याची उणीदुणी काढण्याचा मला पगार मिळतो. आई म्हणते, तुला लहानपणापासून हीच आवड.

परवा केस कापायला गेलो. आरशाच्या वर तुझा फोटो. कापणारा एकदा आरशात बघतो, एकदा फोटोकडे. शेवटी म्हणाला, "तुमचा चेहरा कुलूपसारखा आहे हो." मी म्हटलं, भाऊ आहे. त्याने परत बघितलं आणि म्हणाला, "हां, पण ते जरा देखणे आहेत." मागचे केस तिरके कापले आहेत. परत जाणार नाही.

तुझा चारशेवा सामना पाहिला. खरं सांगू? पहिल्या अर्ध्या तासात तुला पिवळं कार्ड मिळालं तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. आनंदाने. आणि मग पुढचा तासभर तू एकही चूक केली नाहीस. पास द्यायला निघालेल्याच्या आधी तू वाटेत हजर. कुणाला पाडलं नाहीस, धावलाही नाहीस फारसा. मी तुझी ती चित्रफीत चौदा वेळा पाहिली. कोचने विचारलं, हा संघ तर आपल्यासमोर मे महिन्यात आहे, आत्ता काय बघतोयस? मी म्हटलं, पूर्वतयारी.

तीन वर्षांपूर्वी मी तुला म्हटलं होतं, तुमच्या क्लबात हेच काम निघालंय, माझं नाव सुचव. तू म्हणालास, "दादा, एका संघात आपण दोघं नको." एवढंच. कारण नाही, काही नाही. त्यानंतर आपण धड बोललो नाही. तू विसरला असशील. ज्याला लागतं त्याच्याच लक्षात राहतं.

दादा


२२ एप्रिल

धाकट्या,

गंमत बघ कशी असते. हंगामाचा शेवटचा सामना, तुमचा आणि आमचा. तुम्हाला एक गुण हवा, बरोबरी झाली तरी पुरे, नाहीतर क्लब खालच्या विभागात. आणि तुझा करार जूनमध्ये संपतो. पेपरात आलंय की क्लब टिकला तर तुला आणखी एक वर्ष मिळेल, घसरला तर तेहतिशीच्या माणसाला कोणी ठेवत नाही. आमच्या कोचचीही खुर्ची डगमगतेय, त्यांना हा सामना जिंकायचाच आहे.

त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "त्यांच्या संघाचं अर्धं काम तुझा भाऊच करतो. त्याच्यावर एक स्वतंत्र पान लिही. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी हे म्हणालं. तू म्हणाला नाहीस, त्यांनी म्हटलं.

मला काय काय माहीत आहे, हे तुला माहीत आहे. तू नेहमी मधून थोडा डावीकडे सरकून, डावा खांदा कडेच्या रेषेकडे ठेवून उभा राहतोस, म्हणजे त्या बाजूने कुणी यायला जागा कमीच राहते. लोकांना ती ऐट वाटते. आणि चेंडू उंच उडून खाली येत असला की तुला वर बघावंच लागतं, मान वळवता येत नाही. तेवढे दोन-तीन क्षण डावीकडे तुला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. आमच्या एखाद्या चपळ पोराला तेव्हाच तिकडून सोडलं, तर कुलूप किल्लीशिवाय उघडेल.

लिहू का हे? बोल. आता तरी फोन उचलशील.

दादा


६ मे

धाकट्या,

फोन आला नाही. पण सांगतो, म्हणजे तुला झोप लागेल.

पाच मुद्दे लिहिले होते, सगळ्यांना माहीत असलेले. सहावा मुद्दा डाव्या बाजूचा. मंगळवारी लिहिला, आज बैठकीच्या तासभर आधी खोडला. कोचच्या हातात गेलं त्या पानावर पाचच आहेत. माझ्या संगणकावरूनही काढून टाकला.

मोठा भाऊ आहे मी शेवटी. कितीही जळलो तरी घरातली गोष्ट परक्याच्या टेबलावर मांडणार नाही. आमचा क्लब हरला तर हरला. तू जसा नेहमी खेळतोस तसा खेळ, मनात काही आणू नकोस. डावीकडून कुणी येणार नाही.

बघ, असं असतं मोठेपण. कधी जमलं तर कुणाला तरी सांग.

दादा


१४ मे

धाकट्या,

सोबत सहा तारखेचं पत्र जोडलंय. ते आधी वाच, मग हे.

वाचलंस? आता खरं ऐक. ते पत्र मी टाकलं नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि खणात ठेवलं. मनात म्हटलं, बावीस तारखेचं पोचलंय ना, मग राहू दे की. चार-पाच दिवस जरा भिऊ दे. इतकी वर्षं मी जळलो, त्याने पाच दिवस घाबरून काढले तर काय बिघडलं. सामन्याच्या आदल्या दिवशी टाकू. आदल्या दिवशी म्हटलं, आता टाकून काय उपयोग, वेळेवर पोचणार नाही. फोन करता आला असता. तोही केला नाही.

मग रविवारी मी आमच्या बाकामागे बसून तुझा सामना पाहिला.

पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं. तू उभाच वेगळा राहत होतास. रेषेकडे खांदा नाही, तोंड पूर्ण डावीकडे, आणि अख्खी उजवी बाजू मोकळी. आमचे कोच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा असा का उभा राहतोय?" मी म्हटलं, माहीत नाही. आमच्या पुढच्या फळीतल्या बुटक्या पोराला तर लॉटरीच लागली. तो तुझ्या उजवीकडे जाऊन उभा राहिला आणि तुला तो दिसेचना. तुला, ज्याला पाठीमागची बोटं दिसतात.

एक्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य. अजून नऊ मिनिटं तसंच राहिलं असतं तर तुम्ही वाचला असतात. तुमच्या गोलकीपरने चेंडू उंच मारला. तू त्याच्याखाली आलास, वर बघत. आणि चेंडू खाली यायच्या आधीच डावीकडे गर्रकन फिरलास, कोपर बाहेर काढून, तिकडून येणाऱ्याला अडवायला.

तिकडे कोणी नव्हतं, धाकट्या. चेंडू तुझ्या खांद्यावर आपटून उजवीकडे गेला, बुटक्याने पायात घेतला आणि गोल. अठ्ठावीस हजार माणसांनी पाहिलं की कुलूप वाऱ्याशी झगडत होतं. डावीकडे कोण येणार होतं हे तुला आणि मला दोघांनाच माहीत होतं. मी पाठवलेला माणूस येणार होता. तो मी पाठवलाच नव्हता.

शिट्टी झाल्यावर कोचनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "तुझ्या पानाने जिंकलो," म्हणाले. त्या पानावर काय होतं? दमल्यावर पास आखूड देतो. पिवळं कार्ड मिळालं की मागे राहतो. शेंबड्या पोरालाही माहीत असलेलं. मी मिठी मारून घेतली.

ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात तू माझ्यासमोरून गेलास. मला वाटलं शिव्या देशील. तू थांबलास, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "हुशार आहेस दादा. लिहिलंस आणि वापरलं नाहीस. मला तिकडे बघायला लावलंस आणि इकडून आलात." आणि गेलास.

मला एवढी अक्कल नाही रे. ती अक्कल असती तर मी कोच झालो असतो.

आता मी म्हणतो की मी मुद्दा खोडला होता, तर तू का मानावंस? या पत्रावर सहा मे लिहिलंय, पण तारीख काय, मागाहूनही टाकता येते. तुझ्या जागी मी असतो तर मीही मानलं नसतं. मी असा माणूस आहे हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू डावीकडे वळलास. अनोळखी संघ असता तर वळला नसतास.

पेपरवाले तुझ्या मागे लागलेत, तसं का वळलात विचारत. तू कुणाला काही सांगितलेलं नाहीस. क्लबने काल दोन ओळींचं पत्रक काढलं. सतरा वर्षांबद्दल आभार.

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाहीये. तिने खणातलं पाकीट आधीच पाहिलं होतं. म्हणाली, "तिकीट लावलेलं पत्र खणात ठेवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

दादा


२१ मे

धाकट्या,

काल आईकडे गेलो होतो. तिला वाटलं, तुझ्याबद्दल सांत्वन करायला आलो. मी गेलो होतो तक्रार करायला. हो, अजूनही. म्हटलं, आई, चूक माझी आहे, मान्य, पण त्याने एकदा तरी माझं नाव घेतलं असतं तर मी हे पत्र खणात ठेवलं असतं का?

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच म्हणाली, "तुझं नाव घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, एवढं कशासाठी शिकवलंत. मग कान सांगावा लागला असता. आणि कान सांगितला की तो कसा गेला ते सांगावं लागलं असतं. काय सांगायचं त्यानं?"

मी म्हटलं, चेंडू लागून गेला.

तिने घडी खाली ठेवली. "अरे, मी त्याला दवाखान्यात नेलं होतं. गालावर पाच बोटं उठली होती. चेंडूला बोटं असतात का?"

बावीस वर्षं. बावीस वर्षं तिला माहीत होतं आणि तिने मला रोज वाढलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "त्याने मला शपथ घातली होती. म्हणाला, दादाला रागावलीस तर तो मला शिकवायचं थांबवेल."

तुमच्या क्लबातल्या कामाचंही विचारलं. मला ते कळू द्यायचं नव्हतं तुला, पण तिने सांगितलं. एका क्लबात राहिलो असतो तर कधी ना कधी माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं असतं, आणि मग ज्याने भावाचा कान फोडला त्याला कुणी खेळाडूंच्या जवळ येऊ दिलं नसतं. असं तू तिला म्हणाला होतास. मी तीन वर्षं समजत होतो की तुला माझी लाज वाटते.

म्हणून सहा तारखेच्या पत्रातला मोठेपणाही आता परत घेतो. मी सहावा मुद्दा तुझ्यासाठी खोडला नाही. बैठकीच्या आधी मी त्या खोलीत बसून पाठ करत होतो, कोचनी विचारलं तर काय सांगायचं. ते विचारणारच होते, 'डावीकडचं ऐकू येत नाही? कशामुळे?' मी तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, 'लहानपणी चेंडू लागला.' तिसऱ्या वेळेला वाक्य 'लहानपणी'च्या पुढे गेलं नाही. म्हणून खोडला. भीतीपोटी. त्यात तू कुठेच नव्हतास.

आज सकाळी कोचना जाऊन सांगितलं की त्या विजयात माझं पान नव्हतं, आणि मी हे काम सोडतोय. कान त्यांना सांगितला नाही. तो सांगायचा की नाही ते तू ठरव. पेपरवाल्यांना सांगितलास तर निदान त्या वळण्याचं कारण लोकांना कळेल, आणि माझं जे व्हायचं ते होईल. मी नाकारणार नाही.

हेवा गेला असं समजू नकोस. तो आहे. फक्त आता चारशे सामन्यांचा वाटत नाही. अकरा वर्षांच्या पोराला मार बसतो, कान वाजत असतो, आणि त्यातही तो आईला शपथ घालतो की दादाला काही बोलू नकोस. मी त्या वयात तसा नव्हतो. आत्ताही नाही.

आई म्हणते रविवारी तू घरी येणार आहेस. मला बोलावलेलं नाही, तुला विचारल्याशिवाय बोलवणार नाही म्हणाली. तू नको म्हणालास तर मी येणार नाही आणि तिला दोषही देणार नाही. पण आलो किंवा नाही आलो, एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, तुझ्याजवळही नाही, आणि तुला ती ठाऊक असली तरी बोलल्याशिवाय चालणार नाही.

शाळेच्या फळ्यावर संघाची यादी लागली होती. तुझं नाव होतं, माझं नव्हतं. तू ते मला सांगायला बोळातून पळत आलास, हसत. तुला वाटलं होतं मला आनंद होईल. चेंडू तेव्हा तुझ्याच हातात होता. मी मारलं, धाकट्या. हाताने मारलं.

दादा